पुरावा दाखवला तरी भ्रम का हलत नाही? गणिताच्या बाजूने एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डेटा सायन्स शिकतात. त्यांच्या धाकट्या भावाला सायकोसिसचं, म्हणजे वास्तवाशी धागा सुटतो अशा मानसिक अवस्थेचं निदान झालंय आणि आपल्यावर पाळत ठेवली जातेय याची त्याला पक्की खात्री आहे. घरच्यांनी त्याची खोली उलटीपालटी करून एकही कॅमेरा नाही हे दाखवलं, तर तो म्हणाला, "बघा, किती हुशार आहेत ते." आता विचारणाऱ्यांचं म्हणणं असं, की मेंदू बेझच्या नियमाप्रमाणे (नवा पुरावा आला की आधीची खात्री किती बदलायची ते सांगणारा गणिती नियम) पुराव्यावरून शिकत असेल तर इथे तो नियम कुठे मोडला? आणि मानसिक आजार गणिती मॉडेलांतून समजून घेणाऱ्या कॉम्प्युटेशनल सायकिअॅट्री या शाखेच्या हाती यात खरंच काही लागलंय, की नुसतीच समीकरणं आहेत?

मी वीसेक वर्षं सायकोसिसचे रुग्ण पाहतोय आणि त्यातली निम्मी वर्षं मॉडेलिंग करणाऱ्या एका गटाबरोबरही काम केलंय. त्यामुळे दोन्ही टोकांनी उत्तर देतो. सुरुवात तुमच्या भावाच्या वाक्यापासून करू, कारण बराचसा विषय त्या एका वाक्यात आहे.

नियम मोडलाच असेल असं नाही. हिशेब करून पाहा. समजा त्याला पाळतीची 90 टक्के खात्री आहे. ही धारणा एकटी नसते, तिच्या शेजारी दुसरी असते: पाळत ठेवणारे तरबेज आहेत. तीही 90 टक्के धरू. तरबेज लोकांचा कॅमेरा कधीच सापडणार नाही, गबाळ्यांचा दहापैकी नऊ वेळा सापडेल, आणि पाळतच नसेल तर अर्थातच काही सापडणार नाही. आता खोली तपासली, काही निघालं नाही. आकडे बेझच्या नियमात घाला. पाळतीची खात्री 90 वरून जेमतेम 89 वर येते. आणि पाळत आहे असं धरलं, तर ती ठेवणारे तरबेज असण्याची खात्री 90 वरून 99 वर चढते. तुमचा भाऊ जे बोलला ते या गणिताचं उत्तर आहे, चूक एका टक्क्याचीही नाही. आता एकच आकडा बदला. लोक तरबेज असण्याची शक्यता 90 ऐवजी 10 टक्के धरा. तोच पुरावा, तोच नियम, पण पाळतीची खात्री 90 वरून 63 वर उतरते.

सॅम्युएल गर्शमन यांनी 2019 मध्ये हा मुद्दा नीट मांडला. मुख्य धारणेभोवती साहाय्यक धारणांचं कुंपण असतं आणि विरोधी पुरावा येतो तो कुंपणावर आदळतो, आतपर्यंत पोचत नाही. दोरीवर साप दिसण्याचा जुना दृष्टांत तुम्हाला ठाऊक असेल. दिवा आणला की साप नाहीसा होतो, उरते ती दोरी. भ्रमात दिवा आणल्यावर साप म्हणतो, मी दोरीचं सोंग घेतलंय. आणि सोंग घेणारा साप साध्या सापापेक्षा भयंकर. घरच्यांनी शोध घेऊन पुरावा दिल्यावर रुग्ण कधीकधी अधिकच घाबरतो, तो याच वाटेने.

हे फक्त आजाऱ्यांचं नाही, हेही सांगून टाकतो. आवडता सिद्धांत वाचवण्यासाठी संशोधक हेच करतात. मीही केलंय.

म्हणजे नियम शाबूत राहूनही भ्रम अढळ राहू शकतो. मग खरा प्रश्न हा, की मुळात ते 90 आले कुठून? पाळतीची काहीही कल्पना नसलेला माणूस काही आठवड्यांत 90 वर कसा पोचतो? भ्रम उगवणं आणि भ्रम टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते या विषयावरच्या लेखनात निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो.

उगवण्याचं सर्वांत चांगलं वर्णन गणितवाल्यांनी केलेलं नाही. ते क्लाउस कोनराड या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने 1958 मध्ये केलं. भ्रमाच्या आधीच्या अवस्थेला त्याने 'ट्रेमा' म्हटलं, म्हणजे पडदा उघडण्यापूर्वी नटाला वाटते ती धडधड. काहीतरी घडणार आहे, पण काय ते कळत नाही. रस्त्यावरच्या पाट्या, लोकांचे खोकले, गाड्यांचे नंबर, सगळ्यात काहीतरी अर्थ दडलाय असं वाटू लागतं. बरे झालेले रुग्ण हा काळ आठवून सांगतात तेव्हा बहुतेक वेळा पहिला उल्लेख भीतीचा नसतो, तर 'सगळं फार महत्त्वाचं वाटत होतं' असा असतो. मग एक दिवस उलगडा होतो: ही पाळत आहे. आणि उलगड्याबरोबर एक विचित्र सुटकाही येते. भ्रम हा त्या माणसाला हवा असलेला खुलासा असतो, हे नातेवाइकांना पटवणं अवघड जातं.

या अवस्थेला गणिताची भाषा मिळाली ती आधी माकडांवरच्या प्रयोगांतून. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी मेंदूत डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची नोंद घेतली, आणि 1997 मध्ये पीटर डायन व रीड माँटेग यांच्याबरोबर त्याचा अर्थ लावला. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की पेशी पेटतात. प्रकाशामागून नेहमी रस येतो हे शिकल्यावर त्या रसाला नव्हे, प्रकाशाला पेटतात. आणि अपेक्षित रस आलाच नाही तर नेमक्या त्या क्षणी मंदावतात. म्हणजे पेशी रस मोजत नाहीत, अंदाज किती चुकला ते मोजतात. रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांचं 1972 चं शिकण्याचं समीकरण तुम्ही अभ्यासात पाहिलं असेल. त्याचा गाभा साधा आहे: जुन्या धारणेत अंदाजाच्या चुकीतला एक हिस्सा मिळवला की झाली नवी धारणा. तो हिस्सा किती, हे नंतरच्या मॉडेलांत चुकीवर किती भरवसा ठेवायचा त्यावरून ठरतं. गोंगाटातून आलेल्या चुकीला कमी वजन, खात्रीशीर चुकीला जास्त. हा 'भरवसा' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे सगळं त्याच्यावरच फिरतं.

2003 मध्ये शितिज कपूर यांनी हे धागे जोडले. सायकोसिसमध्ये डोपामाइन वेळीअवेळी सुटतं, म्हणून किरकोळ गोष्टींवर 'हे महत्त्वाचं आहे' असा शिक्का बसतो, आणि त्या शिक्क्यांचा अर्थ लावता लावता माणूस भ्रमापर्यंत पोचतो. मला या मांडणीतला सर्वांत मोलाचा भाग औषधांबद्दलचा वाटतो. 1952 मध्ये क्लोरप्रोमाझिन हे सायकोसिसवरचं औषध आलं तेव्हापासून या वर्गातली जवळजवळ सगळी औषधं डोपामाइनच्या डी-2 ग्राहकांना, म्हणजे पेशींवर डोपामाइन जिथे चिकटतं त्या जागांना, अडवत आली आहेत. कपूर म्हणाले, औषध भ्रम पुसत नाही, ते शिक्के मारणं थांबवतं. नवे शिक्के बसेनासे झाले की जुन्या गोष्टीतली हवा हळूहळू कमी होते. रोजच्या कामात हे अगदी असंच दिसतं. औषध सुरू झाल्यावर रुग्ण प्रथम म्हणतो, "ते आहेत, पण आता तेवढा त्रास होत नाही." खात्री नंतर उतरते, काहींची पूर्ण उतरतच नाही. तुमच्या भावाचं औषध सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील तर 'भ्रम गेला का' असं विचारण्यापेक्षा 'त्याचं लक्ष दुसरीकडे लागतं का' हे पाहा.

पुढे फिलिप कॉर्लेट आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं, की निरोगी माणसात उजव्या पुढच्या भागाची प्रतिक्रिया अपेक्षित आणि अनपेक्षित घटनांना वेगळी असते. सायकोसिसच्या सुरुवातीच्या रुग्णांत हा फरक पुसट झालेला असतो, आणि जितका पुसट तितका भ्रम जास्त. थोड्या रुग्णांवरचा अभ्यास होता, पण दिशा बरोबर निघाली.

आता विषयातला वादाचा भाग. मेंदू वरच्या थरातून अंदाज पाठवतो, खालून चूक वर येते, आणि दोन्हींना भरवशाप्रमाणे वजन मिळतं. ही 'प्रेडिक्टिव्ह कोडिंग'ची कल्पना राव आणि बॅलार्ड यांच्या 1999 च्या दृष्टीविषयक कामानंतर सर्वत्र पसरली. मग सायकोसिसमध्ये पूर्वधारणा, म्हणजे वरून येणारा हा अंदाज, दुबळी असते की बळकट?

पुरावे दोन्हीकडे आहेत. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू आपल्याला बाहेर आलेल्या चेहऱ्यासारखी दिसते, कारण चेहरे फुगीर असतात ही पूर्वधारणा डोळ्यांवर मात करते. स्किझोफ्रेनियाचे (सायकोसिस होणाऱ्या आजारांपैकी एक) रुग्ण या फसवणुकीला कमी बळी पडतात. म्हणजे पूर्वधारणा दुबळी. आपणच आपल्याला गुदगुल्या करू शकत नाही, कारण स्वतःच्या हालचालीचा परिणाम मेंदू आधीच वजा करतो. पण आपलं शरीर दुसरं कोणीतरी हलवतंय असं वाटणाऱ्या रुग्णांना स्वतःच्या गुदगुल्या इतरांनी केल्यासारख्याच लागतात, असं सेरा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं. पुन्हा तेच, अंदाज दुबळा. पण 2015 मध्ये ट्यूफेल आणि सहकाऱ्यांनी काळ्या-पांढऱ्या डागांची, ओळखू न येणारी चित्रं दाखवली. मूळ फोटो आधी पाहिल्याचा फायदा सायकोसिसच्या सुरुवातीच्या रुग्णांना इतरांपेक्षा जास्त झाला. म्हणजे पूर्वज्ञान बळकट! 2017 मध्ये पॉवर्स, मॅथिस आणि कॉर्लेट यांनी एक चित्र आणि एक सूर यांची जोडी शिकवली आणि मग सूर न वाजवता चित्र दाखवलं. एरवीही नसलेले आवाज ऐकू येणाऱ्यांना न वाजलेला सूर फार जास्त वेळा ऐकू आला. या प्रयोगातली खुबी अशी, की आवाज ऐकू येणारे पण आजारी नसलेले, स्वतःला अतींद्रिय शक्ती आहे असं सांगणारे लोकही त्यांनी घेतले होते. बळकट पूर्वधारणा दोघांतही दिसली. आजारी लोक वेगळे पडले ते दुसऱ्या ठिकाणी: परिस्थिती बदलली आहे हे मानून अंदाज सुधारण्यात.

या विसंगतीवरचं प्रचलित उत्तर असं, की खालच्या, संवेदनांच्या थरात पूर्वधारणा दुबळी पडते आणि तिची भरपाई म्हणून वरच्या थरात ती घट्ट होते. खाली सगळं अनपेक्षित वाटतं, म्हणून वर एखादी भक्कम कथा लागते. कोनराडच्या वर्णनाशी हे छान जुळतं. पण मला हे उत्तर जरा जास्तच सोयीचं वाटतं. प्रत्येक निकालानंतर 'हा थर दुबळा, तो बळकट' असं म्हणता येत असेल, तर आपणही आपल्या सिद्धांताभोवती कुंपणच घालतोय. कोणत्या प्रयोगात कोणता थर बोलेल हे निकालाच्या आधी लिहून ठेवणारे अभ्यास मला हवेत.

मण्यांचा प्रयोगही सांगितला पाहिजे, कारण तो सर्वत्र चुकीच्या अर्थाने उद्धृत होतो. दोन बरण्या. एकीत 85 लाल आणि 15 निळे मणी, दुसरीत उलट. एका बरणीतून एकेक मणी काढून दाखवतात आणि बरणी कोणती ते विचारतात. 1988 मध्ये हक, गॅरेटी आणि हेम्सले यांना दिसलं, की भ्रम असलेले रुग्ण फार लवकर, बहुतेकदा एकदोन मण्यांतच, निर्णय घेतात. सुतावरून स्वर्ग गाठतात, असा निष्कर्ष निघाला. पण हिशेब करा. पहिला मणी लाल, तर लाल बरणीची शक्यता 85 टक्के. दुसराही लाल, तर 97. दोन मण्यांवर निर्णय घेणारा वेडगळ नाही, उलट दहा मण्यांपर्यंत थांबणारा निरोगी माणूसच अतिसावध म्हणायला हवा. मायकेल मूटूसिस आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये या प्रयोगाला मॉडेल बसवलं तेव्हा रुग्णांचे निर्णय घाईचे नव्हे, तर अधिक 'गोंगाटी', अनियमित निघाले. बुद्ध्यंक लक्षात घेतला की घाईचा बराचसा फरक विरतो हेही नंतर दिसलं. आणि 2019 मध्ये गिलेर्मो होर्गा यांच्या गटाने प्रयोगाची रचना बदलल्यावर तर उलटंच आढळलं: भ्रम जितका तीव्र, तितका माणूस सुरुवातीच्या मताला चिकटून राहतो आणि अधिक मणी मागतो. पाळत आहे असं मानणाऱ्या माणसाला ज्याने जवळून पाहिलंय त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. तो माहिती टाळत नाही, दिवसभर तीच गोळा करत असतो.

संशयाच्या बाबतीत 2020 मधलं रीड आणि सहकाऱ्यांचं काम मला आवडतं. पत्त्यांच्या तीन गड्ड्या, त्यातली एक फायद्याची, आणि ती अधूनमधून बदलते. ज्यांच्यात संशय जास्त, ते जिंकल्यानंतरही गड्डी बदलतात. नियम कधीही उलटतील असं ते गृहीतच धरून बसलेले असतात. इथे पत्त्यांखेरीज कोणी नाही, शत्रू नाही, कुजबुज नाही, तरीही संशयाची खूण दिसते. म्हणजे संशयाचा काही भाग माणसांविषयी नसून एकूण जगाच्या भरवशाविषयी आहे.

काही भागच, हे मात्र अधोरेखित करतो. मॉडेल जिथे गप्प बसतात ती जागा म्हणजे भ्रमाचा मजकूर. भरवशाचा आकडा बिघडला तर आपल्याला काहीही वाटायला हवं, मग इतक्या रुग्णांना छळच का वाटतो, आणि तोही माणसांकडूनच का? जॉन हॅस्लम यांनी 1810 मध्ये नोंदवलेल्या रुग्णाला वायूंवर चालणारा एक माग दुरून छळत होता. व्हिक्टर टाउस्क यांनी 1919 मध्ये 'प्रभाव टाकणाऱ्या यंत्रा'वर लिहिलं. आज कॅमेरे आणि मोबाइल आहेत. यंत्र काळाप्रमाणे बदलतं, पण कोणीतरी आपल्यावर सत्ता चालवतंय हा सांगाडा बदलत नाही. त्यामागे एकटेपण, अपमान, लहानपणी सोसलेली हिंसा असू शकते, आणि ते रुग्णाशी बोलूनच कळतं. दुसरी गप्प जागा स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवली होती, तिला ते दुहेरी हिशेबवही म्हणत. स्वतःला राजा समजणारा रुग्ण निमूटपणे झाडूही मारतो. 99 टक्के खात्री असलेली धारणा वागण्यात उतरत नसेल, तर ती आपल्या समीकरणातली 'धारणा' आहे का? यावर समाधानकारक मॉडेल मी तरी पाहिलेलं नाही.

तुम्ही डेटा सायन्सचे, म्हणून मशिन लर्निंगबद्दल एवढंच: जपून. 2024 मध्ये चेक्राउड आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या औषधचाचण्यांच्या डेटावर मॉडेल शिकवली. ज्या चाचणीवर शिकवली तिथे ती छान चालली, दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांवर नाणेफेकीपेक्षा बरी ठरली नाहीत. या विषयात प्रकल्प करायचा असेल तर आधी कृत्रिम डेटा तयार करा, त्यात तुम्हीच ठरवलेले आकडे घाला, आणि तुमचं मॉडेल ते परत शोधून काढतं का ते पाहा. बरेचदा काढत नाही. शिकण्याचा वेग आणि निर्णयातला गोंगाट हे दोन आकडे एकमेकांचं सोंग घेण्यात पटाईत आहेत.

आता भाऊ. त्याच्याशी पुराव्यावर वाद घालू नका, कारण काय होतं ते वरच्या हिशेबात दिसलंच. 'हो, पाळत आहे' असं खोटंही म्हणू नका, तो तुमच्या नावाचा आणखी एक साक्षीदार जमा करेल. "तुला किती भीती वाटत असेल हे मला कळतं, मला मात्र ते दिसत नाही," एवढं खरं आहे आणि एवढंच पुरेसं आहे. झोप सांभाळा, झोपेच्या अभावाने संशय वाढतो हे चांगलं तपासलेलं आहे. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू देऊ नका, अगदी 'आता त्रास होत नाही' असं तो म्हणू लागला तरी. त्याचाच तर अर्थ, औषध चालतंय.

आणि तो खोलीबाहेर पडत नसेल, पडदे ओढून बसत असेल, तर मॉडेलच्या दृष्टीने तिथेच सर्वांत मोठी अडचण आहे. 'मी बाहेर गेलो नाही म्हणून वाचलो' अशी प्रत्येक दिवसाची नोंद होते आणि उलट बाजूची एकही नोंद जमत नाही. डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने याच जागी हात घातला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत छळाचा भ्रम दीर्घकाळ टिकलेले 130 रुग्ण होते. भ्रम खोटा पाडण्याऐवजी थेरपिस्टने त्यांच्याबरोबर झोप, चिंता आणि आत्मविश्वासावर काम केलं, मग हळूहळू बाहेर नेलं, पडदे उघडायला लावले, बचावाच्या सवयी एकेक करून सोडायला लावल्या. त्याच काळात नुसता मैत्रीपूर्ण सहवास मिळालेल्या रुग्णांपेक्षा यांच्या भ्रमाची खात्री जास्त उतरली. तुमच्या भावाच्या डॉक्टरांना या पद्धतीची थेरपी कोणी देतं का, हे पुढच्या भेटीत विचारा. तोवर रोज संध्याकाळी दहा मिनिटं, तो म्हणेल तेवढ्याच अंतरापर्यंत, त्याच्याबरोबर चालून या. वाटेत पाळतीचा विषय तुम्ही काढू नका.